संगणकांतील अक्षरांची निगा

'अक्षर' या शब्दाचा मूळ अर्थ ज्याचा क्षय होत नाहीं तें, असा आहे. बोललेला शब्द हवेंत विरतो आणि लिहिलेला राहतो, या अनुभवावरूनच लिहिलेल्या खुणेस हें थोर नांव मिळालें असावें. परंतु आज शाळांतून, कचेऱ्यांतून व घरोघरीं जें मराठी लिहिलें जातें तें बहुतेक संगणकावर लिहिलें जातें, आणि तेथें मात्र अक्षरें डोळ्यांदेखत क्षय पावतांना दिसतात. एका संगणकावर मोठ्या काळजीनें तयार केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडावी, तों मराठी ओळींच्या जागीं इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग उभी राहते. एखादा जुना अर्ज उघडावा, तों रिकाम्या चौकोनांची माळ दिसते. अशा वेळीं 'संगणक बिघडला' एवढें म्हणून आपण स्वस्थ बसतों. आमच्या मतें हा केवळ यंत्राचा बिघाड नव्हे. त्याचें मूळ पुष्कळ अंशीं आपल्या सवयींत आहे, व म्हणूनच त्याचा उपायही आपल्याच हातीं आहे. तो विद्यार्थी व पालक या दोघांसही नीट कळावा, या हेतूनें हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम फॉन्ट म्हणजे काय तें पाहूं. एका घडणीच्या अक्षरांचा जो संच, तो फॉन्ट. हा शब्द संगणकाबरोबर जन्मलेला नाहीं. तो छापखान्यांतून आलेला आहे. मराठी भाषा प्रथम छापली गेली तेव्हां अक्षरांचे शिशाचे खिळे पाडावे लागले. श्रीरामपूर येथें विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापलें तें देवनागरी खिळ्यांनीं, व १८१० सालीं कोश छापला तो मोडी खिळ्यांनीं. पुढें मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांनीं मराठी अक्षरांच्या घडणीवर फार परिश्रम घेतले. त्याच छापखान्यांत लहानपणीं नोकरी केलेल्या जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळ्यांचें सौंदर्य कळसास नेलें. आमच्या यवतमाळसारख्या गांवच्या छापखान्यांतही पुढें अनेक वर्षें लांकडी खणांत खिळे लावलेले असत, व ते जुळविणारा कामगार न पाहतां योग्य खणांत हात घालीत असे.

या जुन्या व्यवस्थेंत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी होती. खिळा झिजला किंवा तुटला तर त्याचा ठसा वाईट उठे. परंतु एकदां कागदावर उठलेला 'क' हा 'क'च राही. छापखाना बंद पडला, खिळे वितळवून टाकले, तरी छापलेलें पुस्तक वाचतां येई. साहित्य संमेलन आमच्या यवतमाळांत १९७३ सालीं भरलें व पुनः २०१९ सालीं भरलें. त्यांपैकीं पहिल्या संमेलनाच्या वेळचा छापील कागद कोणाच्या घरीं असल्यास तो आजही कोणीही वाचील. मग त्यानंतर कितीतरी वर्षांनीं संगणकावर लिहिलेला मजकूर आज वाचतां येऊं नये, हें कसें?

याचें उत्तर असें आहे कीं, संगणक अक्षर जाणत नाहीं. तो केवळ आंकडे जाणतो. प्रत्येक अक्षरास एक आंकडा नेमलेला असतो, व त्या आंकड्यासमोर कोणतें चित्र दाखवावयाचें हें फॉन्ट सांगतो. संगणक प्रथम आपल्याकडे आले तेव्हां हे आंकडे इंग्रजी अक्षरांपुरतेच नेमलेले होते. त्या काळच्या फॉन्टांत सारीं मिळून २५६ घरें असत, व त्यांतलींही कांहीं यंत्राच्या स्वतःच्या कामासाठीं राखून ठेवलेलीं. तेव्हां मराठीसाठीं झटणाऱ्या कारागिरांनीं एक युक्ति काढली. इंग्रजी अक्षरांच्या घरांत त्यांनीं मराठी अक्षरांचीं चित्रें आणि चित्रांचे तुकडे बसविले. याचें उदाहरण म्हणून 'कृतिदेव' नांवाचा प्रसिद्ध फॉन्ट घेऊं. त्यांत 'भारत' हा शब्द लिहिला असतां संगणकाच्या पोटांत 'एच, के, के, जे, आर' हीं इंग्रजी अक्षरें सांठविलीं जातात. फॉन्ट जागेवर आहे तोंवर डोळ्यांस 'भारत' दिसतें. फॉन्ट निघून गेला कीं मुखवटा गळून पडतो, आणि खालचें 'एच, के, के, जे, आर' उघडें पडतें.

ही युक्ति काढणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांच्यापाशीं दुसरें साधन नव्हतें, आणि त्यांच्याच परिश्रमांमुळें पंधरा-वीस वर्षें मराठी वर्तमानपत्रें, पाठ्यपुस्तकें व लग्नपत्रिका छापून निघाल्या. परंतु त्या काळीं जितके कारखाने तितक्या रचना झाल्या. एका फॉन्टांत 'क' ज्या घरीं राहतो त्या घरीं दुसऱ्या फॉन्टांत 'म' राहूं शकतो. शिवाय या फॉन्टांत अक्षरांचा क्रमही डोळ्यांस दिसतो तसा असे. 'कि' लिहितांना ऱ्हस्व वेलांटी आधीं व 'क' मागाहून. 'अर्क' लिहितांना 'क' आधीं व रफार मागाहून. म्हणजे उच्चाराचा क्रम एक, आणि सांठवणीचा क्रम दुसराच.

या गोंधळावर उपाय म्हणून जगांतील सर्व लिप्यांना एकच आंकडेवारी लावण्याची योजना झाली, तिचें नांव युनिकोड. तिची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. तींत देवनागरीसाठीं १२८ घरें स्वतंत्र राखून ठेवलीं आहेत, आणि 'क'चें घर २३२५ क्रमांकाचें आहे. यवतमाळांत असो, मुंबईंत असो कीं लंडनमध्यें असो, २३२५ म्हणजे 'क'च. दुसरें कांहीं नाहीं. आपल्या देशांत याच्या आधींच १९८८ सालीं भारतीय लिप्यांसाठीं 'इस्की' नांवाची आंकडेवारी तयार झाली होती. युनिकोडांत देवनागरीची मांडणी तिच्याच धर्तीवर केलेली आहे. मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज २०००' बरोबर 'मंगल' नांवाचा युनिकोड फॉन्ट घरोघर पोंचला. त्याची घडण करणारे रघुनाथ कृष्ण जोशी हे मराठी सुलेखनकार होते, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. २००८ सालीं ते निवर्तले. परंतु आपल्यापैकीं पुष्कळांनीं संगणकावर पाहिलेलें पहिलें मराठी अक्षर त्यांच्याच हातचें होतें.

विद्यार्थ्यांनीं एवढी एकच गोष्ट पक्की ध्यानांत ठेवली तरी पुरे कीं, युनिकोडचा आंकडा हा अक्षराचा देह आहे आणि फॉन्ट हें त्याचें वस्त्र आहे. वस्त्र फाटलें तर दुसरें नेसवितां येतें. मराठी वळणाचा 'ल' व हिंदी वळणाचा 'ल' हे दिसण्यांत निराळे. पण त्यांचा आंकडा एकच, भेद वस्त्राचा. उलट 'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द पाहा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांतल्या. हा भेद देहाचा आहे, व म्हणून युनिकोडांत ते दोन निराळ्या आंकड्यांनीं लिहिले जातात. जुन्या फॉन्टांत मात्र देहच परक्याचा, आणि मराठीपण तेवढें वस्त्रांत. तें वस्त्र गेलें म्हणजे मराठीही गेली!

यांत बिघडतें काय, असें कोणी विचारील. आमच्या मतें तीन गोष्टी बिघडतात.

पहिली ही कीं, आपला अलीकडचा इतिहास वाचेनासा होतो. पुष्कळ जुन्या घरांच्या पेट्यांतून मोडी कागदांचे रुमाल पडून आहेत. कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे. परंतु वाचणारा उरला नाहीं. मोडी शाळांतून गेली व तिच्याबरोबर तीं दप्तरें मुकीं झालीं. त्या लिपीस मुकें व्हावयास दोन पिढ्या लागल्या. जुन्या फॉन्टांत लिहिलेल्या मजकुरास मुकें व्हावयास एक संगणक बदलणें पुरतें. ग्रामपंचायतींचे ठराव, संस्थांचे अहवाल, शाळांच्या वार्षिकांतील मुलांचे पहिलेवहिले निबंध, कोणा आजोबांनीं नातवाकडून लिहवून घेतलेल्या आठवणी, असें कितीतरी साहित्य अशा फाइलींत अडकून पडलें आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. अंध विद्यार्थ्यांसाठीं पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारे कार्यक्रम निघाले आहेत. २००६ सालीं ऑस्ट्रेलियांत सुरू झालेला 'एनव्हीडीए' हा कार्यक्रम तर विनामूल्य मिळतो, व मराठीही वाचतो. परंतु तो चित्र पाहत नाहीं, आंकडा पाहतो. युनिकोडांत लिहिलेला धडा तो नीट वाचील. जुन्या फॉन्टांतला धडा आला तर तो 'एच, के, के, जे, आर' असेंच पुटपुटत राहील. डोळस मुलास तोच धडा सुरेख दिसत असेल. त्याच्या शेजारीं बसलेल्या अंध मुलास मात्र त्यांतील एक अक्षरही मिळणार नाहीं. आपण कोणत्या फॉन्टांत लिहितों ही केवळ आवडीची बाब नव्हे, ती शेजारधर्माची बाब आहे, असें आम्ही म्हणतों तें यासाठींच.

तिसरी गोष्ट आमच्या जिल्ह्यापुरती विशेष आहे. केळापूर, मारेगांव, झरी-जामणीकडे गोंड व कोलाम, आणि पुसद, दिग्रस, दारव्ह्याकडे बंजारा समाजाचीं मुलें मोठ्या संख्येनें शिकत आहेत. त्यांच्या घरीं बोलल्या जाणाऱ्या भाषांतील गाणीं व गोष्टी आतां कोठें कोठें लिहिल्या जाऊं लागल्या आहेत, व त्या बहुधा देवनागरींत लिहिल्या जातात. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यांतील गुंजाळा गांवीं जुन्या गोंडी लिपींतील हस्तलिखितें सांपडलीं, व त्या लिपीस २०१८ सालीं युनिकोडांत स्थान मिळालें. मसराम गोंडी लिपीस त्याच्या आदल्याच वर्षीं मिळालें होतें. ज्या भाषेचा शब्द प्रथमच कागदावर उतरत आहे, तो एखाद्या मरणोन्मुख फॉन्टांत उतरविणें म्हणजे वाळूवर घर बांधणें होय.

आतां बिघाड झाला असतां काय करावें, तें सांगतों. वैद्य आधीं नाडी पाहतो व मग औषध देतो. येथेंही प्रथम लक्षण ओळखावें.

मजकुराच्या जागीं इंग्रजी अक्षरें दिसत असतील, तर तो जुन्या फॉन्टांतला मजकूर आहे व तो फॉन्ट या संगणकावर नाहीं. मजकूर सुरक्षित आहे, घाबरूं नये. तो कोणत्या फॉन्टांत लिहिला हें फाइलींतच बहुधा नमूद असतें. तो फॉन्ट बसवावा, किंवा मजकूर युनिकोडांत पालटून घ्यावा.

रिकामे चौकोन दिसत असतील, तर आंकडे बरोबर आहेत, पण चालू फॉन्टांत त्या आंकड्यांचीं चित्रें नाहींत. फॉन्ट पालटला कीं काम झालें. या चौकोनांना परदेशांत 'टोफू' म्हणतात, आणि ते कोठेंही दिसूं नयेत या उद्देशानें गूगलनें केलेल्या फॉन्टमालेचें नांव 'नोटो' असें ठेविलें आहे.

ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटीच वेलांटी किंवा काना लोंबत असेल, तर लिहिण्याचा क्रम चुकला आहे. टंकलेखनयंत्राची सवय असलेले लोक वेलांटी आधीं मारतात. युनिकोडांत व्यंजन आधीं व स्वरचिन्ह मागाहून, म्हणजे उच्चाराच्या क्रमानें लिहावयाचें असतें.

ओळींच्या ओळी प्रश्नचिन्हांनीं भरल्या असतील, तर मात्र रोग असाध्य समजावा. मराठी जाणत नसलेल्या सांठवणींत तो मजकूर घातला गेला व मूळ आंकडेच पुसले गेले. येथें जुनी प्रत हाच एक उपाय. म्हणून कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वीं मूळ फाइलीची नक्कल करून बाजूस ठेवावी, हा पहिला नियम.

आणि एखाद्या फाइलींतच नव्हे, तर संगणकाच्या याद्यांत, खिडक्यांच्या मथळ्यांत, सर्वत्र अक्षरें मोडकीं दिसूं लागलीं, तर संगणकाचा स्वतःचा फॉन्ट बिघडला असें समजावें. अशा वेळीं प्रथम नुकताच बसविलेला फॉन्ट काढून पाहावा; पुष्कळदां तोच अपराधी असतो. नंतर संगणक बंद करून पुनः सुरू करावा. संगणक फॉन्टांची एक सूची करून ठेवीत असतो. ती सूची बिघडली असेल तर ती काढून टाकल्यावर तो नवी तयार करतो. विंडोजमध्यें मूळ फाइली तपासून बिघडलेल्या पूर्ववत् करणारी 'एसएफसी' नांवाची आज्ञा आहे. ती जाणत्या माणसाकडून चालवून घ्यावी. विंडोजच्या हल्लींच्या आवृत्त्यांत 'निर्मला' हा फॉन्ट मुळांतच असतो, व 'मंगल' नसल्यास तो देवनागरी पूरक फॉन्टांबरोबर मागवून घेतां येतो. त्यासाठीं संगणक पुसून सारें नव्यानें भरण्याची घाई करूं नये. त्या घाईंत फॉन्ट परत येतात, पण मुलांचे निबंध जातात.

फॉन्टांचा संसारही नेटका ठेवावा लागतो. आवश्यक तेवढेच फॉन्ट बसवावेत. शेंकडों फॉन्टांनीं संगणक मंदावतो, व हवा तो फॉन्ट शोधण्यांत वेळ जातो. एकाच नांवाच्या दोन प्रती ठेवूं नयेत, कारण त्यांचें भांडण होतें. जे फॉन्ट वापरले त्यांची एक यादी लिहून ठेवावी. बाहेर पाठवावयाची फाइल पीडीएफ करून, तींत फॉन्ट अंतर्भूत करून पाठवावी. परंतु जुन्या फॉन्टांतील पीडीएफ दिसावयास सुंदर असली तरी तिच्या पोटांत तोच इंग्रजी अक्षरांचा भरणा असतो, हें विसरूं नये. वाटेल त्या ठिकाणाहून फॉन्ट उतरवून घेऊं नये. फॉन्टांतूनही संगणकास अपाय होऊं शकतो. असा मार्ग बुजविण्यासाठीं २०१५ च्या जुलै महिन्यांत मायक्रोसॉफ्टला तांतडीची दुरुस्ती काढावी लागली होती. तसेंच विकत मिळणारा फॉन्ट चोरून घेणें ही चोरीच होय. एकेका अक्षरामागें कोणाचे तरी दिवस खर्ची पडलेले असतात. मुंबईच्या 'एक टाइप' संस्थेचा 'मुक्त', 'लोहित', 'नोटो' असे चांगले फॉन्ट सर्वांस विनामूल्य खुले असतां चोरीचें कारणही उरत नाहीं.

युनिकोडाविरुद्ध एक आक्षेप छपाईचे जाणकार घेतात, त्याचा विचार करणें न्याय्य होईल. ते म्हणतात, जुन्या फॉन्टांत वळणें अधिक आहेत, आमचा हात त्यांवर बसला आहे, आणि पानें लावण्याच्या जुन्या कार्यक्रमांत युनिकोडचीं जोडाक्षरें तुटत. यांतील शेवटची तक्रार एके काळीं खरी होती. त्या कार्यक्रमांच्या नव्या आवृत्त्यांनीं ती दूर केली आहे. वळणेंही आतां वर्षागणिक वाढत आहेत, आणि पुण्याच्या सीडॅकची 'आयएसएम' किंवा 'श्रीलिपि' अशा जुन्या व मान्यवर साधनांतूनही युनिकोडची सोय झाली आहे. राहिली हाताची सवय. तिचें मोल आम्ही जाणतों. ज्यांनीं आयुष्यभर एका पद्धतीनें काम केलें त्यांनीं उद्यांच ती टाकावी, असा आमचा हट्ट नाहीं. त्यांनीं छापावें, पण छापून झाल्यावर मजकुराची युनिकोड प्रतही ठेवावी, एवढीच विनंति आहे. नव्या मुलांस मात्र जुनी पद्धत शिकवूं नये.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, आमच्या जिल्ह्यांतील प्रत्येक शाळेनें तीन गोष्टी कराव्यात. एक, विद्यार्थ्यांस आठवीपासून युनिकोड मराठी लिहावयास शिकवावें. 'इनस्क्रिप्ट' कीबोर्डावर एका हाताला स्वर व दुसऱ्या हाताला व्यंजनें असल्यामुळें तो थोड्या सरावानें साध्य होतो. दोन, शाळेची प्रश्नपत्रिका, सूचना व वार्षिक यांचा मजकूर युनिकोडांतच स्वीकारावा. तीन, जुन्या वार्षिकांच्या ज्या फाइली असतील त्या पालटून घ्याव्यात. हें काम करणारे कार्यक्रम मिळतात. पण वेलांटी, रफार व 'ऱ्य' यांत ते हटकून चुकतात, म्हणून प्रत्येक पान माणसानें वाचून सुधारावें लागतें. त्या मुलांच्या शुद्धलेखनास याहून चांगला अभ्यास आम्हांस दिसत नाहीं. हें लौकर व्हावें. कारण कोणती फाइल कोणत्या फॉन्टांतली, हें सांगणारे वडीलधारे आज आहेत.

पालकांसही एक सांगणें आहे. मुलगा भ्रमणध्वनीवर मराठी लिहितो तें प्रायः युनिकोडच असतें. म्हणजे अर्धी वाट तो न शिकवतां चालून आलेला आहे. पुष्कळ मुलें तेथेंही मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितात, तेवढें आपण प्रेमानें थांबवावें. घरांतील कोणी आठवणी, ओव्या, हिशेब लिहून ठेविले असतील तर त्या फाइली एकदां उघडून पाहाव्यात, आणि वाचतां येत नसल्यास शाळेंत घेऊन याव्यात.

मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं अभिजात भाषेचा मान मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनीं केला. मान मिळणें थोर. परंतु भाषा टिकते ती मानपत्रानें नव्हे, रोजच्या निगेनें. विहीर खोल असून भागत नाहीं, दोर शाबूत लागतो. आमच्या विद्यार्थ्यांनीं या वर्षीं प्रत्येकीं एक जुनी फाइल जरी वाचती केली, तरी पुढच्या वार्षिकाच्या वेळीं शेंकडों पानें पुनः बोलूं लागलेलीं असतील. त्या कामास या सुट्टींतच आरंभ व्हावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे.